हलकी नळी

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत आमचं शेड होतं आणि शेडच्या आतच, लोखंडी जिन्यानं वर गेलं की काचेची एक खोली. खाली ग्राइंडरच्या ठिणग्या आणि हातोडे, वर मी आणि माझा कॉम्प्युटर. खालची माणसं त्या खोलीला 'उंट' म्हणायची. उंटावरून शेळ्या हाकणारी ती मी. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पंचवीस पुरुषांच्या शेडमध्ये एकटी बाई, आणि तीही सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली. नातेवाइकांत माझ्या नोकरीवरून जी नाकं मुरडली गेली होती, ती सगळी त्या काचेतून मला खाली दिसायची.

आम्ही हीट एक्स्चेंजर बनवायचो. एक मोठं लोखंडी नळकांडं, त्यात शेकडो बारीक नळ्या. नळ्यांच्या आतून एक द्रव जातो, बाहेरून दुसरा, आणि मधल्या धातूतून एकाची उष्णता दुसऱ्याला मिळते. डेअरीत दूध तापवायला लागतो, कारखान्यात पाणी तापवायला नाहीतर निववायला लागतो. उष्णतेचा हिशेब गिऱ्हाईक करून पाठवायचं. माझ्याकडे यायचा तो ताकदीचा प्रश्न. आत एवढा दाब आहे, एवढं तापमान आहे, तर पत्रा किती जाड हवा, नळी किती जाड हवी, बोल्ट किती. हे सगळं सॉफ्टवेअर सांगायचं. आपण रकाने भरायचे, बटण दाबायचं, मग एकेका भागासमोर निकाल यायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. कोरी फाईल कुणीही उघडत नाही. शंभर-दीडशे रकाने कोण भरत बसणार? मागचा एखादा मिळताजुळता जॉब काढायचा, सेव्ह अ‍ॅज करायचं, नवं नाव द्यायचं आणि जे बदललं असेल तेवढंच बदलायचं. आयत्या बिळावर नागोबा. मला शिकवणाऱ्यानं हेच शिकवलं, त्याला शिकवणाऱ्यानंही हेच शिकवलं असणार. दोन दिवसांचं काम दोन तासांत व्हायचं आणि साहेब खूश व्हायचे. साहेब म्हणजे आमचे मालक.

तो जॉब गरम पाण्याचा होता. बाहेरच्या जिल्ह्यातला एक कारखाना, नळ्यांतून दीडशे अंशांचं पाणी, दाब भरपूर. मी एका डेअरीची फाईल काढली, कारण मापं जवळजवळ तीच होती. डेअरीचा जॉब स्टेनलेस स्टीलचा होता, हा साध्या लोखंडाचा. धातू बदलला. दाब बदलला, तापमान बदललं, व्यास बदलला. साधं लोखंड पाण्यात गंजतं, दरवर्षी थोडं थोडं झिजतं, म्हणून झिजेसाठी आधीच जास्तीची जाडी धरावी लागते. त्याचा एक वेगळा रकाना असतो, बाहेरच्या बाजूचा एक आणि नळ्यांच्या बाजूचा एक. स्टेनलेसला तिथे शून्य चालतं. बाहेरच्या बाजूला मी तीन मिलिमीटर टाकले. नळ्यांच्या बाजूला डेअरीचा शून्य तसाच राहिला.

बटण दाबलं. सगळं हिरवं. नव्वद पानांचा अहवाल छापून निघाला. त्याच्या चौथ्या पानावर तो शून्य स्वच्छ छापलेला होता. 'तयार करणार' या चौकटीत मी सही केली, 'तपासणार' या चौकटीत साहेबांनी न बघता केली, आणि गिऱ्हाइकाच्या माणसानं चहा पिता पिता तिसरी केली.

मामांबद्दल आता सांगायला हवं. दाबाच्या कामाचे आमच्याकडचे सगळ्यांत जुने वेल्डर. नेवाशाकडच्या एका खेड्यातले, शेडजवळच खोली घेऊन राहायचे, आठवड्याला गावी जायचे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, मीही. दाबाचं वेल्डिंग कुणालाही करू देत नाहीत. परीक्षा असते, वेल्ड केलेला नमुना कापून, वाकवून बघतात. जो पास होतो त्याला एक नंबर मिळतो आणि त्या नंबरचा पोलादी शिक्का. प्रत्येक सांधा झाला की त्याच्या शेजारी हातोडीनं तो नंबर ठोकायचा. म्हणजे उद्या काही झालं तर सांधा कुणाचा ते धातूवरच लिहिलेलं. मामा तो शिक्का कमरेच्या कापडी पिशवीत ठेवायचे आणि चहाला बसतानासुद्धा पिशवी चाचपून बघायचे.

खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. वेल्डिंग मशीन, ड्रिल, क्रेनचा हूक, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मामा दरवर्षी एक माळ घेऊन वर यायचे आणि माझ्या कॉम्प्युटरला घालायचे. स्क्रीनच्या कडेला हळदीकुंकू लावायचे, हात जोडायचे.

"मामा, याला काय कळतंय?" असं मी एकदा विचारलं होतं.

"आसं म्हनू नका ताई. आमी हातानं करतो, पन ठरवतंय ते ह्योच."

मला हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते कुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढलं, कारण काचेला डाग पडतो.

गरम पाण्याच्या त्या जॉबचं काम अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा एका दुपारी मामा जिना चढून वर आले. हातात वीतभर नळीचा तुकडा होता. एक्स्चेंजरच्या बुडाला, नळ्यांतलं पाणी काढून टाकायला, दोन इंची तोंड ठेवतात, पुढे त्याला व्हॉल्व्ह लागतो. त्या तोंडाची ती नळी. मी डबा खात होते.

"ताई, ही नळी लई हलकी लागती हाताला. मागं आसाच गरम पान्याचा जॉब केल्ता आपन, तवाची जाड हुती."

"तो जॉब वेगळा होता, मामा."

"आसंल. पन बघा तरी धरून."

त्यांनी तुकडा पुढे केला. माझ्या बोटांना भाजी लागलेली होती, तुकड्याला तेल. मी तो घेतला नाही. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि चमच्यानं दाखवलं. बुडाचं तोंड, दोन इंच, हिरवं.

"सॉफ्टवेअर पास म्हणतंय, मामा. आता तुम्ही आणि मी कोण?"

ते वाकून हिरव्या चौकोनाकडे बघत राहिले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, रंग कळत होता.

"पास म्हनतंय तर बराबर आसंल," असं म्हणून ते तुकडा घेऊन खाली गेले. मी डबा संपवला. भाजी कसली होती तेही मला आठवतं, गवारीची. नको त्या गोष्टी लक्षात राहतात माझ्या.

पाण्याचा दाब भरून एक्स्चेंजरची चाचणी झाली. एक थेंब गळला नाही. नवं असताना सगळंच पास होतं. मामांनी तोंडाच्या सांध्याशेजारी नंबर ठोकला, जॉब ट्रेलरवर चढला, नारळ फुटला.

जेमतेम चार वर्षांनी साहेबांना फोन आला. त्या कारखान्यात एक कामगार बुडाचा व्हॉल्व्ह उघडायला वाकला आणि व्हॉल्व्ह तोंडासकट त्याच्या हातात आला. दीडशे अंशांचं पाणी. कमरेपासून खाली भाजला. तो जगला. सहा महिन्यांनी भिंत धरून चालायला लागला असं नंतर कळलं. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पाहायला गेलेच नाही.

फोन झाल्याबरोबर मी फाईल उघडली. मला शोधावं लागलं नाही. तोंड, दोन इंच, हे शब्द साहेबांच्या तोंडून ऐकले तेव्हाच मामांचा पुढे केलेला हात डोळ्यांसमोर आला होता. रकान्यात शून्य होता. मोठ्या पत्र्याचं निभावलं, कारण बाजारात मिळेल ती पुढची जाडी घेतलेली असते. बुडाच्या त्या लहान नळीला असं काही राखीव नव्हतं. शिवाय बुडाशी पाणी साचून राहतं, गंज तिथेच जास्त. मी तीन मिलिमीटर टाकून पुन्हा बटण दाबलं. चौकोन लाल झाला. मी बेसिनपाशी जाऊन उलटी केली.

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, उगाच कशाला म्हणू? दार लावून घेतलं, मला पाणी दिलं, स्वतः खिडकीशी उभे राहिले.

"हे बाहेर गेलं तर आपला एकही जॉब कुणी घेणार नाही. पंचवीस घरं आहेत या शेडवर. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू बोलू नकोस, मी बघतो."

मी बोलले नाही. साहेबांनी धमकी दिली नव्हती. नोकरी जाण्याचीही मला तेवढी भीती नव्हती, दुसरी मिळाली असती. मला भीती होती ती माझ्याबद्दल जे बोललं जाईल त्याची. बाईमाणसाला फॅब्रिकेशनमध्ये घेतलं की असंच होणार, हे वाक्य मला आधीच ऐकू येत होतं, कोण म्हणेल त्याच्या आवाजासकट. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प बसले. तेव्हा ती एवढीशी वाटत नव्हती.

चार दिवसांनी तुटलेलं तोंड टेम्पोतून गोणपाटात आलं. सोबत त्या कारखान्याचा मेंटेनन्सवाला होता. शेडच्या मधोमध टेबलावर गोणपाट उलगडलं. नळी अगदी सांध्याशेजारी तुटलेली, आणि सांध्याजवळ मामांचा नंबर, गंजातूनही वाचता येत होता.

"वेल्डपाशीच गेलंय," मेंटेनन्सवाला म्हणाला.

साहेबांनी मामांना बोलावलं. सगळं शेड थांबलं होतं. साहेबांच्या डाव्या हाताला मी उभी, समोर मामा. मामांनी हातमोजा काढला, तुकडा उचलला, उजेडाकडे धरला. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग तर्जनी नळीच्या आत घालून गोल फिरवली, सावकाश, दोनदा.

"शिक्का कुणाचा आहे, मामा?" साहेबांनी विचारलं.

"माझाच हाय."

"मग?"

मामांनी तुकडा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. कुणीतरी खोकलं. मेंटेनन्सवाल्यानं घड्याळात पाहिलं. मी टेबलावरच्या गोणपाटाची वीण बघत होते, निळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांची. बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, "आता म्या काय सांगू? शिक्का माझा हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून दाखवली होती. मार्कही मिळाले होते.

गिऱ्हाइकाला पत्र गेलं की दोष वेल्डिंगचा होता, संबंधित वेल्डरला कामावरून काढलं आहे, नवं तोंड बसवून देत आहोत. पत्राचं इंग्रजी साहेबांनी माझ्याकडून तपासून घेतलं. मी दोन चुका दुरुस्त केल्या. मामांनी शिक्का साहेबांच्या टेबलावर ठेवला, रिकाम्या पिशवीची घडी घालून खिशात घातली आणि गेले. एमआयडीसी म्हणजे एक गाव आहे. संध्याकाळच्या आत प्रत्येक शेडमध्ये बातमी होती की म्हाताऱ्याचा वेल्ड फुटला, माणूस भाजला. दाबाचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही.

मी मात्र कामाला लागले. हे सांगताना मला स्वतःची चीड येते, पण सांगते. डेअरीच्या त्या फाईलवरून आणि तिच्या पिल्लांवरून झालेले सगळे जॉब मी एकेक करून उघडले. आणखी दोन निघाले, तोच शून्य घेऊन उभे असलेले. साहेबांनी दोन्ही ठिकाणी माणसं पाठवून बुडाची तोंडं बदलून दिली. गिऱ्हाइकांना सांगितलं की ही आमची फुकट सर्व्हिस आहे. एका गिऱ्हाइकानं आभाराचं पत्र पाठवलं आणि साहेबांनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. पुढच्या खंडेनवमीला माळ घेऊन वर कुणी आलं नाही.

दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. आता त्याच एमआयडीसीत दुसरीकडे हेच काम करते. शहराच्या पाट्यांवर नवं नाव आलं, आम्ही बोलताना अजून नगरच म्हणतो. मी कोरी फाईल उघडते. सगळे रकाने हातानं भरते, त्यामुळे नव्या मुलांना मी खडूस वाटते. वाटू दे.

मामांकडे जायचं मी खूपदा ठरवलं आणि दर वेळी काहीतरी निघालं. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी गेले. नेवाशाच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान आहे, बाहेर उसाची एक ट्रॉली उलटी टेकवलेली, गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या रचून ठेवलेल्या. मामा एका गेटला बिजागरी लावत होते. मला ओळखायला वेळ लागला, चष्मा जाड झाला होता.

"या या ताई, बसा," म्हणत त्यांनी फडक्यानं खुर्ची पुसली आणि आत हाक मारून चहा सांगितला.

मी पाठ करून गेले होते. गाडीवर रस्ताभर घोकलं होतं. पण खुर्चीवर बसल्याबरोबर सगळं एकदम बाहेर पडलं, उलटसुलट. डेअरीची फाईल, शून्य, साहेब, पत्र. चूक माझी होती, मामा. तुमचा वेल्ड चांगला होता. मी रडले, तेही सांगते. त्यांच्या घरातून चहा घेऊन आलेल्या मामी कप ठेवून तशाच आत गेल्या.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, "मला म्हाईत हाय."

"काय?"

"तुकडा हातात घेतला तवाच कळलं. येल्ड जागच्या जागी हुता. नळी आतून खाल्लेली, पार कागद झाल्ती. बोट घातलं की कळतंय."

मी म्हटलं, मी आता लिहून देते. त्या कारखान्याला, साहेबांना, सगळ्यांना. माझ्या सहीनं.

"आता लिहून काय करता? ही नजर बघा. आता बारीक येल्ड दिसत न्हाई मला. दाबाचं काम दिलं तरी हुनार न्हाई." त्यांनी चष्मा काढून लुंगीला पुसला. "तवा दिसत हुतं."

चहावर साय धरली होती. मी विचारलं, विचारायला नको होतं, पण विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत, मामा? साहेबांसमोर, सगळ्यांसमोर सांगायचं होतं, नळी पातळ होती म्हणून. मी ताईंना आधीच सांगायला गेलो होतो म्हणून."

मामांना माझा प्रश्नच कळला नसावा असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी चष्मा परत लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"वर आलो हुतो ना म्या, नळी घिऊन. म्हनलं, ताईच्या ध्यानात आसंल. तुमी बोलाल म्हनून थांबलो हुतो."

त्या दिवशी शेडमध्ये ते किती वेळ थांबले होते, हे मला माहीत आहे. मी त्यांच्यासमोरच उभी होते.